घाटात गाडी बिघडली तर: नाशिकच्या नव्या चालकांसाठी

नाशिकमध्ये गाडी शिकणाऱ्याचे पहिले काही महिने गंगापूर रोड, कॉलेज रोड, फार तर त्र्यंबक रोडवर जातात. तिथे गाडी बंद पडली तर मागचे हॉर्न वाजवतात, टपरीवरचे दोघं येऊन धक्का मारतात आणि गाडी बाजूला लागते. मग एक दिवस घरात ठरतं की ठाण्याला लग्नाला आपल्याच गाडीने जायचं. लायसन्स मिळून तीन महिने झालेला माणूस थेट कसाऱ्याच्या उतारावर येतो. हा लेख त्याच्यासाठी आहे.

माझी पहिली खेप मे महिन्यातली. गाडीत चौघं, डिकी गच्च, आणि मी चौथ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवूनच घाट उतरत होते. अर्ध्या वाटेत आई मागून म्हणाली, "काहीतरी जळतंय गं." पुढच्या ट्रकचा वास असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. दोन वळणांनंतर ब्रेकचं पॅडल स्पंजासारखं आत गेलं आणि गाडी होती त्याच वेगाने पुढे जात राहिली. शेवटी गिअर खाली आणून गाडी डोंगराच्या बाजूला थांबवता आली, कुणाला खरचटलंही नाही. पण एक गोष्ट मनातून गेली नाही. काय करायचं ते मला माहीत होतं, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सांगितलेलं होतं, तरी पहिले काही क्षण हात गिअरकडे गेलेच नाहीत. म्हणून खाली जे लिहिलं आहे ते नुसतं वाचून ठेवू नका. म्हसरूळ-मखमलाबादकडे प्लॉटिंगचे लेआऊट मोकळे पडलेले आहेत. एखाद्या सकाळी जाणत्या माणसाला शेजारी बसवून, जागा मालकाला विचारून, तिथे हाताला सवय लावा.

निघण्याच्या आदल्या दिवशी

यात फार वेळ जात नाही. टायर थंड असताना हवा तपासा. किती भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. स्टेपनीची हवाही त्याच वेळी बघा, कारण गरज पडते तेव्हा नेमकी तीच बसलेली निघते. टायरच्या बाजूवर शेवटी चार अंक असतात: २३२१ म्हणजे २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. टायर गुळगुळीत दिसत नसला तरी त्याचं रबर कडक होऊन तडकलेलं असू शकतं, तेव्हा नखाने दाबून बघा. खाचेची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानेही बाद.

बॉनेट उघडून कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) आणि ब्रेक ऑईलची पातळी बघा. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषून घेतं आणि ओलावा मुरला की ते कमी तापमानाला उकळतं. दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. माझ्या गाडीचं चार वर्षं बदललेलं नव्हतं. गाडी दर सहा महिन्यांनी सर्व्हिसिंगला जात होती, पण ते बिलात आहे का हे मी कधी वाचलंच नाही. तुम्ही वाचा.

डिकीत जॅक, पाना, लाल त्रिकोण, टॉर्च, जुनं कांबळं किंवा पोतं, हातमोजे, पाच लिटर पाणी आणि पावसाळ्यात रेनकोट असू द्या. विम्याच्या कागदात रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असेल तर त्याचा नंबर मोबाईलमध्ये आजच टाकून ठेवा.

घाट उतरताना

कसारा आणि इगतपुरीच्या मधली रेल्वेची चढण १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. एवढ्या चढणीसाठी कसाऱ्याहून वर येणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिनं जोडावी लागतात. रस्ता त्याच डोंगरातून जातो. उतरताना तुमच्या गाडीचं सगळं वजन आवरण्याचं काम फक्त ब्रेकवर टाकलंत तर ती सगळी ऊर्जा चकत्या आणि पॅडमध्ये उष्णता होऊन साठते. पॅड तापले की त्यांची पकड सुटते. त्याहून जास्त तापलं तर ब्रेक ऑईल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो, त्यामुळे पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. मऊ पॅडलमागचं कारण हे.

जुने ट्रकवाले सांगतात, ज्या गिअरवर चढतो त्याच गिअरवर उतरायचं. हाच नियम. लहान गाडीला कसाऱ्यात तिसरा, तीव्र वळणाला दुसरा. ऑटोमॅटिक असेल तर लिव्हर मॅन्युअलवर किंवा एलवर, म्हणजे खालच्या गिअरवर, आणा. इंजिन गुरगुरू लागतं, नवख्याला वाटतं गाडीला त्रास होतोय. तसं काही नाही, इंजिन गाडीला मागे खेचून धरतंय. ब्रेक अधूनमधून ठामपणे दाबायचा, वेग उतरला की पूर्ण सोडायचा. सतत हलका पाय ठेवणं सर्वांत वाईट. आणि पेट्रोल वाचतं म्हणून न्यूट्रलवर किंवा इंजिन बंद करून गाडी सोडणारे आपल्याकडे अजून आहेत. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना पाय रेसवरून काढला की इंधन तसंही तुटतं. न्यूट्रलला वाचत काही नाही, ताबा मात्र जातो.

जळका वास आला तर तो तुमच्याच गाडीचा आहे असं धरा. पुढच्या रुंद जागेत थांबा, चाकांवर पाणी ओतू नका, तापलेली चकती वाकडी होते किंवा तडकते. अर्धा तास तशीच थंड होऊ द्या.

हीच गोष्ट सप्तशृंगी गडावरून नांदुरीला उतरताना, पेठ रस्त्यावर, चांदवडजवळच्या राहुड घाटात आणि पुण्याकडे जाताना चंदनापुरीत.

ब्रेक लागेनासा झाला तर

आधी पायाला विचारा: पॅडल मऊ आहे की दगडासारखं कडक? मऊ असेल तर बिघाड तेलाच्या बाजूला आहे. कडक असेल तर बहुधा इंजिन बंद पडलंय आणि ब्रेकला मिळणारी मदत तुटली आहे. दोन्हीवरचे उपाय वेगळे आहेत.

मऊ पॅडलसाठी क्रम असा.

१. रेसवरून पाय काढा आणि पॅडल भराभर, जोरात, पुन्हापुन्हा दाबा. गळतीमुळे किंवा बुडबुड्यांमुळे गेलेला दाब काही वेळा यातून परत येतो. ब्रेकची यंत्रणा दोन भागांत विभागलेली असते. एक भाग गेला तरी दुसरा थोडा उरतो, फक्त पॅडल बरंच खाली गेल्यावर लागतो.

२. त्याच वेळी एकेक गिअर खाली आणा. चौथ्यावरून तिसरा, इंजिनने गाडी धरली की दुसरा. एकदम पहिला टाकू नका, चाकं घसरतील. क्लच दाबून ठेवू नका, दाबलेला क्लच म्हणजे न्यूट्रलच.

३. हँडब्रेकचं बटण दाबून धरूनच तो हळूहळू ओढा, म्हणजे मागची चाकं आवळली तर लगेच सोडता येतो. झटक्यात ओढला तर गाडी मागून फिरते. इलेक्ट्रॉनिक बटण असेल तर ते ओढून धरून ठेवा, बहुतेक गाड्या मग स्वतःच बेताने थांबतात. तुमची गाडी काय करते ते मॅन्युअलमध्ये आजच बघा.

४. हेडलाईट, चारही इंडिकेटर, हॉर्न. पुढच्याला कळलं पाहिजे.

५. तरीही थांबत नसेल तर दरीकडे नाही, डोंगराकडे. झुडपं, मातीचा ढीग, कडेचा कठडा यांना गाडीची बाजू घासू द्या. पत्रा सोलून निघेल, निघू दे. इंजिनची चावी मात्र गाडी थांबेपर्यंत काढू नका, स्टिअरिंग लॉक होतं.

पॅडल कडक असेल तर उलट करायचं. पुन्हापुन्हा दाबू नका. साठलेली मदत एक-दोन दाबांत संपते. एकदाच सगळा जोर लावून दाबा आणि धरून ठेवा. स्टिअरिंगही जड झालेलं असेल, दोन्ही हातांनी ओढावं लागेल, पण वळतं. लेआऊटमध्ये सराव करताना हे मुद्दाम अनुभवा: सपाट जागी, माणसाच्या चालीच्या वेगात गाडी असताना क्लच दाबा आणि इंजिन बंद करून बघा, चावी मात्र एकच खाच मागे. माझ्या भाचीने पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा ती म्हणाली, "आत्या, हे असं जड होतं हे कुणी सांगितलंच नव्हतं." दुसऱ्या वेळी तिने गाडी शांतपणे कडेला घेतली.

रेस अडकली तर

बहुतेक वेळा पायाखालची मॅट पॅडलमध्ये अडकलेली असते. वाकून ती काढायला जाऊ नका. ब्रेक जोरात दाबा, गाडी न्यूट्रलला टाका. इंजिन ओरडेल, ओरडू दे. बाजूला थांबल्यावर मग ते बंद करा. बटणाने सुरू होणारी गाडी चालू असताना एका स्पर्शाने बंद होत नाही, बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं. आणि मॅटवर दुसरी मॅट टाकायची नाही.

टायर फुटला तर

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि कित्येक नाशिककरांना कसारा टाळायची सोय झाली. पण तिथला धोका वेगळा. ताशी १२० चा वेग म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. हवा कमी असलेला टायर जमिनीवर जास्त दबतो, प्रत्येक फेरीला वाकतो आणि त्या वाकण्यानेच आतून तापतो. सरळ सिमेंटच्या रस्त्यावर तासभर एकाच वेगाने गेलात की तो फुटायला निमित्त लागत नाही.

आवाज होतो, गाडी एका बाजूला ओढली जाते, आणि पाय आपोआप ब्रेककडे जातो. तो आवरा. माणूस मरतो ते बहुतेकदा फुटलेल्या टायरने नाही, त्यानंतर घाबरून मारलेल्या ब्रेकने आणि झटक्याने फिरवलेल्या स्टिअरिंगने. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून गाडी सरळ ठेवा. रेसवरून पाय सावकाश काढा. वेग आपोआप उतरला की इंडिकेटर देऊन डावीकडे घ्या आणि तेव्हा हलका ब्रेक. सुरक्षित जागेपर्यंत थोडं अंतर रिमवर गेलात तरी चालेल.

घसरली तर

पहिल्या पावसाचं पाणी साठलेल्या धुळीत आणि तेलात मिसळतं, तेव्हा डांबर सर्वांत निसरडं असतं. आपल्या जिल्ह्यात त्यात भर पडते ती ट्रॅक्टरच्या चाकांतून रस्त्यावर आलेल्या काळ्या चिखलाची. निफाड, विंचूर, लासलगावकडे शेतातून रस्त्यावर चढणारी वाट दिसली की त्यापुढे चिखल आहे असं समजून वेग आधीच कमी करा. मार्केटच्या दिवसांत ट्रॉलीतून सांडलेला कांदा-टोमॅटो चिरडला गेला की तोही शेवाळासारखाच.

स्टिअरिंग एकाएकी हलकं लागलं तर समजा चाकं पाण्यावर तरंगताहेत. रेस सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, ब्रेक नको. पकड परत येते.

वळणावर पुढची चाकं घसरून गाडी सरळच निघाली तर आणखी वळवून उपयोग नाही. रेस सोडा, स्टिअरिंग किंचित सरळ करा, पकड आली की पुन्हा वळवा. मागचा भाग फिरला तर ज्या बाजूला मागचा भाग जातोय त्याच बाजूला स्टिअरिंग फिरवा. हे डोक्यात राहत नाही, म्हणून एवढंच लक्षात ठेवा: जिकडे जायचंय तिकडे बघा. हात नजरेमागे जातात. कठड्याकडे बघाल तर कठड्यावरच जाल.

गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं आवळू न देणारी यंत्रणा, असेल तर जोरात ब्रेक मारल्यावर पॅडल पायाखाली थरथरतं, घरघर होते. नवखे घाबरून पाय काढतात. काढू नका, दाबून धरा आणि स्टिअरिंगने अडथळा चुकवा. लेआऊटमध्ये ताशी ४० वर एकदा पूर्ण ब्रेक मारून ही थरथर ओळखीची करून घ्या.

इगतपुरीच्या धुक्यात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून जाणारे खूप दिसतात. मागच्याला गाडी उभी आहे की चालू ते कळत नाही, वळणार असाल तर तेही नाही. हेडलाईट खालच्या बीमवर ठेवा, फॉग लॅम्प लावा आणि रस्त्याच्या डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवा.

गाडी थांबली, आता?

आधी माणसं, नंतर गाडी. शक्य तितकी डावीकडे घ्या, वळणाच्या लगेच पुढे थांबू नका. थोडी चालत असेल तर मागून दुरून दिसेल अशा सरळ भागापर्यंत न्या. मुंबई नाका, द्वारकेवरच्या उड्डाणपुलावर बंद पडणार असं वाटलं तर उतारापर्यंत घरंगळत नेता येतं का बघा, पुलावर कडेला उभं राहायला जागा नाही.

चारही इंडिकेटर लावा. सगळ्यांना डाव्या दाराने उतरवा आणि कठड्यापलीकडे, गाडीच्या थोडं मागच्या बाजूला उभं करा. कुणी धडकलं तर गाडी पुढे फेकली जाते, मागे उभे असलेले वाचतात. कठड्यापलीकडे दरी असेल तर डोंगराच्या कडेला. पावसात लहान मुलांना घेऊन बाहेर उभं राहणं जिवावर येतं, पण महामार्गावर बंद गाडीत बसून राहणं त्याहून धोक्याचं आहे. त्रिकोण गाडीमागे निदान शंभर पावलांवर ठेवा, घाटात वळणाच्या अलीकडे. ठेवायला जाताना तो छातीशी धरून, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे बघत कडेने चाला.

मग फोन. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, पोलिसांसाठी ११२, कुणाला लागलं असेल तर १०८. समृद्धीवर तिथल्या फलकांवरचा मदतीचा नंबर. जवळचा किलोमीटरचा दगड वाचून आणि कुठल्या दिशेने जात होतात ते सांगून बोला. "घाटात आहोत" एवढ्याने क्रेनवाल्याला काही कळत नाही. समृद्धीच्या इगतपुरीजवळच्या सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्यात बंद पडलात तर थांबण्याच्या रुंद जागेपर्यंत गाडी नेण्याचा प्रयत्न करा, इंजिन बंद करा आणि भिंतीवरच्या आपत्कालीन फोनवरून बोला. टोइंगचे पैसे गाडी उचलण्याआधी ठरवा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर पूर्ण गाडी वर घेणारा ट्रकच मागा, चाकं जमिनीवर फिरवत ओढली तर गिअरबॉक्स जाऊ शकतो.

दुसऱ्याचा अपघात दिसला तर पोलिसांच्या भीतीने पुढे जाऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम १३४ अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

काटा लाल झाला तर

उन्हाळ्यात कसारा चढताना एसी लावून ट्रकमागे रांगेत अडकलं की इंजिन तापतं. काटा वर जायला लागताच एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा. तो इंजिनची उष्णता आत ओढतो, काचा उघडून सहन करा. लाल रेषेला पोचला की थांबा. रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडू नका, आतलं दाबाखालचं पाणी तोंडावर उसळतं. अर्धा-पाऊण तास थांबून मग कापड धरून सावकाश. तेलाचा लाल दिवा लागला तर मात्र एक किलोमीटरही पुढे जायचं नाही, इंजिन लगेच बंद.

पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करू नका. इंजिनात पाणी शिरलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबा, कितीही उशीर झाला तरी. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाल्याची बातमी आली की गोदाघाटावर गाडी लावू नका. दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी लागेपर्यंत वाट बघणाऱ्यांच्या गाड्या मग नदीतून काढाव्या लागतात.

स्टेपनी बदलताना

१. सपाट, टणक जागा. पहिला गिअर किंवा ऑटोमॅटिकला पी, हँडब्रेक, बदलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला दगड.

२. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करा. वर उचलल्यावर चाकच फिरतं. पाना हलत नसेल तर पायाने दाब द्या.

३. जॅक फक्त ठरलेल्या खाचेखाली. मातीत रुतत असेल तर खाली फळी. गाडीखाली हात-पाय घालायचे नाहीत. काढलेलं चाक गाडीखाली सरकवून ठेवा, जॅक घसरला तर गाडी त्याच्यावर टेकते.

४. नवीन चाक लावून नट हाताने बसवा, गाडी खाली घ्या, मग समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा.

स्टेपनी इतर चाकांपेक्षा अरुंद असेल तर तिच्यावर लिहिलेला वेग, बहुधा ताशी ८०, ओलांडू नका.

निघण्याआधी

पन्नासेक किलोमीटरवर थांबून नट पुन्हा आवळून बघा. पंक्चर दुसऱ्याच दिवशी काढा. त्रिकोण घडी करून डिकीत ठेवा. आणि गाडीमागे ठेवलेले दगड, तोडून टाकलेल्या फांद्या, चाकाखालची वीट, सगळं उचलून कठड्यापलीकडे टाका. मदतीला धावलेला कुणी तरी दोन मोठे दगड रस्त्यावर ठेवतो, गाडी सुरू झाली की आनंदात सगळे बसतात आणि दगड तिथेच राहतात. रात्री धुक्यात मोटारसायकलवरून कामावरून परतणाऱ्याला ते दिसत नाहीत. सगळे गाडीत बसल्यावर टॉर्च घेऊन एकदा मागे चालत जा आणि रस्ता मोकळा झालाय का ते बघा.